संगणक ‘तटतो’ तेव्हा आत नक्की काय अडतं?

जानेवारीतली रात्र, दोन वाजून गेलेले. कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसानं भरलेला ट्रॅक्टर उभा आणि त्याच्या मागं गेटबाहेर रस्त्यापर्यंत ट्रॉल्यांची रांग. काट्याच्या केबिनमधल्या संगणकावर घड्याळ चालू होतं, माऊस हलवला की बाण हलत होता. वजनाचा आकडा तेवढा एका जागी थिजलेला. काट्याचा आकडा संगणकापर्यंत आणणारा छोटा प्रोग्रॅम माझा, म्हणून ऑपरेटरनं मला झोपेतून उठवलं. फोनवर मागून एका ट्रॅक्टरवाल्याचा आवाज ऐकू आला, "घड्याळ पळतंय की वो, मग मशीन तटलंय कुठं?"

प्रश्न अगदी नेमका होता. मोबाईल हँग झाला की किंवा काउंटरवर ‘सिस्टीम चालत नाही’ असं ऐकलं की आपल्या सगळ्यांनाच तो पडतो. वरवर सगळं जिवंत दिसतं, मग अडलंय कुठं?

आधी एक फरक ध्यानात घेऊ. कोसळणं वेगळं आणि तटणं वेगळं. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर जाऊन पडले. ते कोसळणं होतं, आतलं काहीतरी मोडलं होतं. तटण्याची कारणंही पुष्कळ असतात, पण त्यातलं एक फार विलक्षण आहे. त्यात काहीच मोडलेलं नसतं, प्रत्येक भाग आपलं काम इमानदारीनं करत असतो, आणि तरीही सगळं कायमचं थांबतं. याला डेडलॉक म्हणतात. मी पुढं ‘कोंडी’ म्हणेन. वाहतुकीमुळं हा शब्द आपल्या तोंडात आहेच, आणि इथं तो चपखल बसतो.

## गेट, यार्ड आणि चिठ्ठी

आपण उघडतो त्या प्रोग्रॅमना हार्डवेअरला थेट हात लावायची मुभा नसते. डिस्क, स्क्रीन, यूएसबीची केबल, मेमरी हे सगळं ज्याच्या ताब्यात असतं तो सगळ्यात आतला प्रोग्रॅम म्हणजे कर्नल. लिनक्स हा असाच एक कर्नल. हेलसिंकीला शिकत असलेल्या लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ साली तो सुरू केला. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच असतो, म्हणजे रंकाळ्यावर संध्याकाळी फिरणाऱ्या बहुतेकांच्या खिशातही.

कर्नलचं काम समजून घ्यायला साखर कारखान्याचं गेट बघा. गाडी आली की गेटवरचा माणूस तिथंच ऊस उतरवायला घेत नाही. तो चिठ्ठीवर नंबर टाकतो, गाडी यार्डात पाठवतो आणि पुढच्या गाडीकडं वळतो. ऊस गव्हाणीत पडायचा तो नंतर, नंबराप्रमाणं. गेटवरचाच माणूस ऊस उतरवायला गेला तर बाहेर हायवेपर्यंत गाड्या तुंबतील.

कर्नलचंही तसंच. बटण दाबलं गेलं, काट्यानं नवा आकडा पाठवला किंवा नेटवर्कवरून काही आलं, की कर्नल हातातलं काम बाजूला ठेवून क्षणभर तिकडं बघतो. त्या क्षणात त्याला कशासाठीही थांबून राहायची परवानगी नसते. म्हणून तो ‘हे नंतर करायचं’ अशी चिठ्ठी लिहितो, रांगेत टाकतो आणि परततो. या रांगेला लिनक्समध्ये वर्कक्यू म्हणतात. चिठ्ठ्या उचलून प्रत्यक्ष काम करणारे निराळे, त्यांचं नाव केवर्कर. लिनक्सच्या मशीनवर चालू कामांची यादी काढली की केवर्कर नावाच्या ओळींची माळ दिसते. आपण त्यांना सरळ कामगार म्हणू.

रांग, चिठ्ठी आणि कामगार कळले. आता राहिलं कुलूप.

## एक चेनपुली, एक पाना

एकाच गोष्टीला दोन कामगारांनी एकदम हात घातला तर माहितीचा चुराडा होतो. म्हणून कर्नलात प्रत्येक सामाईक गोष्टीला कुलूप असतं. ज्यानं ते घेतलं त्यानं काम करायचं, बाकीच्यांनी ते सुटेपर्यंत थांबायचं. नियम साधा आणि गरजेचा. पण कोंडीचं बीही त्यातच आहे.

उद्यमनगरातलं एखादं मशीनशॉप डोळ्यांपुढं आणा. जड कास्टिंग उचलायला चेनपुली एकच, मोठे नट आवळायला बत्तीस नंबरचा पानाही एकच. थोरल्या फिटरनं चेनपुलीला जॉब लावून वर घेतला. आता खालचे नट आवळायला त्याला पाना हवा. पाना धाकट्याकडं. धाकट्यानं त्याच्या मशीनचा शेवटचा नट सैल केलाय, पण वरचं हेड घसरू नये म्हणून तो पान्यानंच धरून ठेवलाय, आणि हेड उतरवायला त्याला चेनपुली हवी. थोरला म्हणतो, "पाना दे रं." धाकटा म्हणतो, "दादा, आधी चेनपुली मोकळी करा." लटकलेला जॉब मध्येच सोडता येत नाही, सैल झालेला नटही सोडता येत नाही. दोघं कामसू, दोघांचं मागणं रास्त, आणि दोघंही दिवस मावळेपर्यंत तसेच उभे.

१९७१ साली कॉफमन, एल्फिक आणि शोशानी या तिघांनी एका निबंधात हे नीट मांडलं. कोंडी व्हायला चार गोष्टी एकदम जुळाव्या लागतात. वस्तू एका वेळी एकाच्याच हाती असते. हातातली न सोडता दुसरीची वाट बघितली जाते. कुणाच्या हातातली वस्तू हिसकावून घेता येत नाही. आणि वाट बघणाऱ्यांचं वर्तुळ तयार होतं: हा त्याची, तो ह्याची. चारांतली एक जरी मोडली तरी कोंडी होऊच शकत नाही. पन्नासहून जास्त वर्षं झाली, पण कर्नल लिहिणारे आजही या चारांतली एखादी मोडायचीच खटपट करतात.

पहिल्या तीन मोडणं अवघड, कारण त्या कामाच्या स्वभावातच असतात. म्हणून जोर चौथीवर, वर्तुळावर. शॉपच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवायचं: दोन्ही लागणार असतील तर आधी चेनपुली, मग पाना. सगळ्यांनी हा क्रम पाळला तर ज्याच्या हातात पाना आहे तो चेनपुलीसाठी कधीच अडून राहणार नाही. लिनक्सच्या मेमरी सांभाळणाऱ्या काही फाइलींच्या माथ्यावर कुलपांचा क्रम असाच लिहून ठेवलेला आहे. एकाखाली एक, प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा थोडी आत सरकलेली, घाटाच्या पायऱ्यांसारखी. वरच्या पायरीवरून खाली उतरायचं, खालची धरून वरच्या पायरीवर जायचं नाही. आणि एकाच जातीची दोन कुलपं घ्यायची असली तर? मग ज्याचा मेमरीतला पत्ता लहान ते आधी, अशी एक सोपी युक्ती वापरतात. इथं शहाणपण लागत नाही, सगळ्यांनी एकच क्रम मानला की झालं.

## कुलूप नसतानाही कोंडी

इथवरचं बहुतेक पाठ्यपुस्तकांत असतं. रांगा आल्या की मात्र कोंडीचं एक वेगळंच रूप दिसतं, आणि अनुभवी माणसंही इथंच फसतात. कारण इथं कुठलंच कुलूप डोळ्यांना दिसत नाही.

काट्यावर एका वेळी एकच गाडी चढते. पहिल्या नंबरचा ट्रॅक्टरवाला म्हणाला, "माझी चिठ्ठी मागच्या नवव्या गाडीवाल्याकडं हाय, तो आल्याबिगर मी काट्यावर चढत न्हाई." नववा येणार कसा? पुढचा हलल्याशिवाय त्याला वाट नाही. दोघांनीही कुणाचं काही धरून ठेवलेलं नाही, दोघं फक्त रांगेत उभे आहेत. तरी यार्ड ठप्प.

एका वेळी एकच काम करणारी रांग कर्नलात मुद्दाम ठेवलेली असते, कारण काही कामं क्रमानंच व्हावी लागतात. अशा रांगेतल्या पहिल्या कामानं ‘मागचं अमुक काम पुरं होईपर्यंत थांबतो’ असं म्हटलं की खेळ संपला. हे सांगितल्यावर कुणालाही उघड वाटतं. पण प्रत्यक्षात पहिलं काम एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एक छोटा तुकडा, बोलावतं, ते दुसरं बोलावतं, आणि चौथ्या पातळीवरच्या एका साध्या दिसणाऱ्या ओळीत ते थांबणं दडलेलं असतं. ती ओळ लिहिणाऱ्याला आपण कुठल्या रांगेत उभे आहोत याची कल्पनाही नसते.

म्हणून रांगेपुरता नियम असा: रांगेतल्या कामानं आपल्याच रांगेतल्या मागच्याची वाट बघायची नाही. आणि दुसऱ्या रांगेतल्या कामाची वाट बघायचीच असली, तर ते काम उलट आपल्यासाठी थांबणार नाही याची खात्री आधी करायची.

## त्या रात्री काट्यावर

माझा प्रोग्रॅम कर्नलच्या आतच चालणारा. त्याचं काम एवढंच: काट्याकडून यूएसबी केबलनं आकडा आला की चिठ्ठी रांगेत टाकायची, कामगार ती उचलतो, कुलूप घेतो, आकडा तपासून जागेवर ठेवतो, कुलूप सोडतो. केबल निघाली तर काय करायचं हेही लिहिलेलं होतं: कुलूप घ्यायचं, रांगेत एखादी चिठ्ठी असेल तर रद्द करायची आणि चालू काम असेल तर ते संपेपर्यंत थांबायचं, मग आवरून कुलूप सोडायचं.

वाचताना यात काही खटकत नाही. मलाही खटकलं नव्हतं.

जड ट्रॅक्टर काट्यावर चढताना केबिन हादरते. त्या रात्री केबल पुरेशी खोचलेली नव्हती आणि एका हादऱ्याला ती सुटली. नेमकं त्याच क्षणी एका कामगारानं आकड्याची चिठ्ठी उचलली होती, पण कुलूप अजून घेतलं नव्हतं. केबल निघाल्याचं बघणाऱ्यानं कुलूप घेतलं आणि तो म्हणाला, "चालू काम संपेपर्यंत थांबतो." चालू काम म्हणालं, "कुलूप सुटेपर्यंत थांबतो." झाली कोंडी. त्या दोन क्षणांमधली फट सेकंदाच्या अगदी बारीक हिश्शाची. माझ्या टेबलावर मी ती केबल कितीदा काढली आणि घातली असेल, पण त्या फटीत ती कधी सापडली नव्हती.

ऑपरेटरनं कुणीही करेल तेच केलं. केबल परत खोचली, मग शेजारच्या छिद्रात खोचली. संगणकानं ती ओळखलीच नाही. का? तर केबल आली-गेली हे बघण्याचं काम लिनक्समध्ये रांगेतूनच होतं. ते काम करणारा कामगारच माझं कुलूप धरून अडकून बसला होता, आणि त्या यूएसबी हबचं सगळं कामकाज त्याच्या हातात होतं. माऊस आधीपासून जोडलेला, त्याची कुणाला वाट बघायची नव्हती, म्हणून तो हलत राहिला. घड्याळाचा तर या भानगडीशी संबंधच नव्हता. त्या ट्रॅक्टरवाल्याला हे उत्तर मिळायला हवं होतं: मशीन तटलंय ते एवढ्याच कोपऱ्यात, आणि ज्यांचा रस्ता त्या कोपऱ्यातून जातो तेवढेच त्याच्यामागं उभे आहेत.

दुरुस्ती चारच ओळींची. आधी ‘केबल गेली’ अशी खूण करायची, म्हणजे नवी चिठ्ठी पडत नाही. मग कुलूप न घेताच चालू काम संपण्याची वाट बघायची. ते संपल्यावर कुलूप घेऊन आवराआवर करायची. खूण सोडली तर बाकी ओळी त्याच, फक्त क्रम बदलला.

## गुऱ्हाळाचं जळण

आता या विषयातला मला सगळ्यात सुंदर वाटणारा भाग. तो समजायला गुऱ्हाळ बघितलेलं असेल तर बरं.

चरकात ऊस घातला की रस एकीकडं आणि चिपाड दुसरीकडं. रस काहिलीत जातो. चिपाड उन्हात वाळवून काहिलीखालच्या चुलवाणात जाळायचं. म्हणजे गुऱ्हाळ आपलं जळण आपणच तयार करतं. पण समजा अवकाळी पाऊस झाला आणि बाहेर पसरलेलं सगळं चिपाड भिजलं. मग जाळ नाही. जाळ नाही म्हणून काहिलीतला रस तसाच. काहील रिकामी नाही म्हणून नवा रस ठेवायला जागा नाही, म्हणून चरक बंद. चरक बंद म्हणून नवं चिपाड नाही. वर्तुळ पुरं झालं. म्हणूनच जुनी, जाणती माणसं वाळक्या चिपाडाची एक गंजी आडोशाला, झाकून ठेवतात. रोजच्या जाळाला तिला हात लावायचा नाही. माझ्या मामांकडं त्या गंजीतली पेंढी काढून शेकोटी केल्याबद्दल आम्हा पोरांना एकदा सणसणीत बोलणी बसली होती. तेव्हा कळलं नव्हतं, एवढं चिपाड पडलंय तर एका पेंढीनं काय होतंय.

कर्नलात मेमरी संपत आली की हुबेहूब हेच घडतं. मेमरी मोकळी करायची तर तिच्यातली काही माहिती आधी डिस्कवर लिहावी लागते. लिहायचं काम रांगेत पडतं. ते उचलायला कामगार लागतो. हातातले कामगार कुठं ना कुठं अडकलेले असतील तर नवा तयार करावा लागतो, आणि नवा कामगार तयार करायला मेमरी लागते. मेमरी मिळवायला मेमरी हवी!

लिनक्सनं काढलेला तोडगा म्हणजे झाकून ठेवलेली गंजीच. मेमरी मोकळी करण्याच्या वाटेवर जी रांग येऊ शकते, ती तयार करतानाच तसं सांगून ठेवावं लागतं. मग त्या रांगेसाठी एक राखीव कामगार तेव्हाच, मेमरी मुबलक असताना, बनवून बाजूला बसवला जातो. त्याला रेस्क्यूअर म्हणतात. मशीन चालू असेपर्यंत तो बहुधा नुसता बसून असतो. पण कामं तुंबली आहेत आणि नवा कामगार चटकन बनत नाही असं दिसलं, की सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास वाट बघून कर्नल त्याला हाक देतो. त्या हाकेला कोडमध्ये नावही ‘मेडे’ असं दिलंय. संकटातलं जहाज किंवा विमान देतं तीच ही हाक. राखीव कामगार उठतो आणि आपल्या रांगेतली अडलेली कामं एकेक करून उरकतो. थोडी मेमरी मोकळी होते आणि चाक पुन्हा फिरू लागतं.

यातही मर्यादा आहे. राखीव माणूस एकच. त्याच्या रांगेतलं एक काम त्याच रांगेतल्या दुसऱ्याची वाट बघत असेल, तर तो एकटा काय करणार? म्हणून अशी एकमेकांवर अवलंबून असलेली कामं वेगवेगळ्या रांगांत ठेवायची आणि प्रत्येक रांगेला आपापला राखीव कामगार द्यायचा, असं लिनक्सच्या माहितीपत्रात स्पष्ट लिहिलंय. शिवाय राखीव कामगार असलेल्या रांगेनं राखीव नसलेल्या रांगेची वाट बघायची नाही. कुणी तसं केलंच, तर कर्नल इशारा छापतो. आपली गंजी झाकून ठेवली, पण गुऱ्हाळ चालवलं शेजारच्याच्या चिपाडावर, आणि त्याचं चिपाड भिजलं की आपलंही बसलं, तसला हा प्रकार.

## "मग कामगारच वाढवा की!"

ही पहिली सूचना येते आणि ती अगदीच चूक नाही. २०१० पर्यंत लिनक्समध्ये प्रत्येक रांगेचे स्वतःचे कामगार असत, बहुतेक रांगांना प्रत्येक सीपीयूमागं, म्हणजे संगणकाच्या प्रत्येक मेंदूमागं, एक. मोठ्या मशीनवर त्यांची गर्दी व्हायची. बहुतेक रिकामे बसलेले, आणि तरी एखाद्या रांगेतलं काम आपल्याच पुढच्यापायी अडून राहिलेलं. कर्नल लिहिणाऱ्यांपैकी टेजुन हिओ यानं ही रचना बदलली. सामाईक कामगारांचा ताफा आला. एक कामगार कशाची तरी वाट बघत थांबला की दुसरा लगेच उठतो, गरज सरल्यावर पाचेक मिनिटं रिकामा राहिलेला जास्तीचा कामगार कमी केला जातो. या बदलानं कितीतरी कोंड्या व्हायच्या थांबल्या.

सगळ्या मात्र नाहीत. क्रमानं चालायची रांग एकाच वेळी एकच काम घेणार, बाहेर कामगार कितीही असोत. आणि कुलपांचं वर्तुळ असेल तर माणसं वाढवून काहीच होत नाही. मशीनशॉपमध्ये तिसरा फिटर बोलावला तर तोही पाना मागत त्या दोघांशेजारी उभा राहील.

## "एकाचं काम रद्द करा, दुसऱ्याला जाऊ द्या"

डेटाबेसमध्ये असंच करतात. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस एखादं काम अडलं की मूळ सेटिंगप्रमाणं एक सेकंद थांबतो, मग वर्तुळ झालंय का ते तपासतो, आणि झालं असेल तर एकाचा व्यवहार रद्द करून त्यानं केलेलं सगळं पूर्ववत करतो. तिथं हे जमतं, कारण प्रत्येक व्यवहार मागं फिरवायची सोय पहिल्यापासून बांधलेली असते.

कर्नलाचं काम हे त्या लटकलेल्या जॉबसारखं. डिस्कला हुकूम गेलेला असतो, मेमरीतली यादी निम्मी बदललेली असते. अशा कामगाराला मध्येच ओढून काढलं तर कोंडी सुटेल, पण माहिती बिघडेल, आणि बिघडलेली माहिती थांबलेल्या मशीनपेक्षा वाईट. अशा अवस्थेत अडकलेल्या कामाला बाहेरून ‘बंद हो’ म्हटलं तरी ते ऐकत नाही, ते याचसाठी. अपवाद आहेत. स्क्रीनवर चित्र काढणाऱ्या भागाला एका वेळी पुष्कळ कुलपं लागतात आणि त्यांचा क्रम आधी ठरवता येत नाही. त्यासाठी २०१३ साली लिनक्समध्ये एक खास कुलूप आलं. प्रत्येकाला आल्याच्या क्रमानं नंबर मिळतो, गाठ पडली की नंतर आलेला आपल्या हातातली सगळी कुलपं सोडून मागं होतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. पण मागं होणं परवडतं तिथंच हे चालतं.

कर्नलनंच आधी हिशेब का करू नये, असंही कुणी विचारेल. डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात तशी रीत दाखवली होती. एखादी पतसंस्था कसं करते? तिजोरीत एवढी शिल्लक राहायलाच हवी की निदान एका कर्जदाराची उरलेली मागणी पुरी होईल, त्याचं काम होऊन पैसे परत येतील आणि मग पुढच्याला देता येतील. कल्पना पक्की आहे. पण त्यासाठी प्रत्येकानं आपल्याला जास्तीत जास्त किती लागेल ते आधी सांगावं लागतं, आणि कर्नलातल्या कामांना ते सांगता येत नाही.

आणि सगळ्याला मिळून एकच मोठं कुलूप? लिनक्सनं तेही करून पाहिलंय. १९९६ साली एकाहून जास्त सीपीयू वापरायची सोय आली तेव्हा तसंच एक कुलूप आलं. कामं एकमेकांसाठी ताटकळू लागली म्हणून हळूहळू ते छोट्या कुलपांत वाटत नेलं, आणि २०११ मध्ये शेवटचा अवशेष काढून टाकला. पंधरा वर्षं लागली.

## "आधी नीट तपासलं नव्हतं का?"

तपासलं होतं. पण कोंडी ही वेळेवर अवलंबून असते, आणि हजारदा केबल काढून ती फट सापडली नाही तर काहीच सिद्ध होत नाही. म्हणून कोंडी होण्याची वाट न बघता तिची शक्यता शोधणारं साधन लागतं. कर्नल लिहिणाऱ्या इंगो मोल्नार यानं २००६ मध्ये लिनक्सला ते दिलं, लॉकडेप या नावानं.

लॉकडेप शॉपच्या कोपऱ्यात वही घेऊन बसलेल्या माणसासारखं आहे. कुणी कुठली वस्तू हातात असताना कुठली मागितली, एवढंच तो लिहितो. सोमवारी थोरल्यानं चेनपुली धरून पाना घेतला. गुरुवारी धाकट्यानं पाना धरून चेनपुली घेतली. दोन्ही दिवशी कुणाचं काही अडलं नाही. पण गुरुवारी तो वहीतून मान वर करून ओरडतो, "हे दोघं एका दिवशी आले तर तटतील!" रांगांसाठी तो आणखी एक गोष्ट करतो. प्रत्येक कामालाच एक कल्पित कुलूप समजतो: काम चालू असताना ते कुलूप घेतलेलं, आणि ते काम संपण्याची वाट बघणं म्हणजे तेच कुलूप मागणं. त्यामुळं कुलूप न दिसणारी कोंडीही वहीत उमटते.

त्या रात्रीनंतर मी लॉकडेप चालू केलेला कर्नल टेबलावरच्या मशीनमध्ये घातला आणि माझा जुनाच प्रोग्रॅम चालवला. एक आकडा येऊ दिला, एकदा केबल काढली. काहीच अडलं नाही, आणि तरी स्क्रीनवर ओळ आली: ‘पॉसिबल सर्क्युलर लॉकिंग डिपेन्डन्सी डिटेक्टेड’, म्हणजे कुलपांचं वर्तुळ होऊ शकतं. खाली दोन्ही बाजू मांडलेल्या, कुणी काय धरून काय मागितलं त्यासकट. वर्षभर जे सापडलं नाही ते पहिल्याच केबलला सापडलं. लॉकडेपमुळं मशीन मंद चालतं म्हणून रोजच्या वापरात ते बंद असतं. पण नवं काही लिहिणाऱ्यानं ते एकदाही चालू न करता प्रोग्रॅम कुणाच्या दारात नेऊन ठेवणं मला आता पटत नाही. रात्री दोनला ताटकळत उभ्या राहणाऱ्या माणसानं उसाच्या खेपेत अख्खा दिवस घातलेला असतो. लिनक्ससारख्याच फ्रीबीएसडी या प्रणालीत विटनेस आणि विंडोजमध्ये ड्रायव्हर व्हेरिफायर यांच्याकडून कुलपांची अशीच तपासणी करून घेता येते.

## बंद करण्याआधी

एवढं करूनही कोंडी झालीच, तर लिनक्स निदान ओरडतो. एखादं काम १२० सेकंद सलग अडून राहिलं की तो ‘टास्क ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंड्स’ अशी ओळ छापतो आणि ते काम नेमकं कुठल्या फंक्शनात थांबलंय ती साखळी खाली देतो. सोडवत काही नाही, फक्त सांगतो. पुष्कळ मशीनवर ही ओळ आतल्या नोंदींत जाते, काहींवर थेट पडद्यावर येते.

मशीन बंद करून चालू केलं की कोंडी सुटते, कारण सगळी कुलपं आणि सगळ्या रांगा पुसल्या जातात. डिस्कवर उतरली नसेल तर ती नोंदही त्यांच्याबरोबर जाते. त्या काट्यावरच्या ऑपरेटरला मी फोनवर तेच सांगणार होतो, बंद करून चालू करा म्हणून. त्याआधी तोच म्हणाला, "साहेब, काळ्या पडद्यावर कायतरी इंग्लिश आलंय, फोटो पाठवू का?" फोटो थोडा हललेला होता, एका कोपऱ्यात ट्यूबलाइटचा उजेड चमकत होता, पण ओळी वाचता येत होत्या. त्यात दोन केवर्कर होते. एकाच्या खाली कुलुपासाठी थांबल्याची साखळी, दुसऱ्याच्या खाली काम संपण्यासाठी थांबल्याची. सकाळी तो फोटो आणि माझा कोड शेजारी शेजारी ठेवले तेव्हा चहा गार व्हायच्या आत चूक दिसली.